आभासी वाद्यांचे सजीव वादन

आभासी वाद्यांचे सजीव वादन : संगणकावर रचलेले संगीत माणसांनी वाजवल्यासारखे ऐकू यावे म्हणून वापरायची तंत्रे. आभासी वाद्य म्हणजे मिडी संदेश (कोणता स्वर, किती जोराने, किती वेळ याच्या सूचना) घेऊन ध्वनी देणारा प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा प्रोग्राम. बहुतेक वाद्ये सॅम्पलवर चालतात : खऱ्या वाद्याचा एकेक स्वर हलक्या-भारी जोराने वाजवून मुद्रित केलेला असतो आणि कळ दाबली की त्यातला योग्य तुकडा वाजतो. दुसऱ्या प्रकारात मुद्रण नसतेच. तार, नळी किंवा कातडे कसे कंप पावेल याचे गणित संगणक त्याच क्षणी सोडवतो. पहिल्या प्रकारात नाद अस्सल मिळतो पण स्वर हवा तसा वळवणे अवघड जाते, दुसऱ्यात याच्या उलट.

कळीखाली मुद्रित स्वर ठेवण्याची कल्पना जुनी आहे. १९६३ च्या मेलोट्रॉन या कळवाद्यात प्रत्येक कळीला चुंबकीय फितीचा एक तुकडा जोडलेला होता. १९८३ मध्ये मिडी आले, १९९८ मध्ये गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरने लांब सॅम्पल थेट हार्ड डिस्कवरून वाजवून दाखवले आणि १९९९ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी या प्लगइन-प्रणालीत वाद्य-प्लगइन आले. आज एका वाद्यसंचाच्या सॅम्पलची लायब्ररी शेकडो गीगाबाइटची असू शकते, तरी रचना खोटी वाटतेच. सॅम्पलमध्ये वाद्य असते. वादकाचा श्वास, गज आणि मनगट रचनाकाराला घालावे लागते.

नवशिक्याची पहिली चूक आवाजाच्या चढउतारात होते. मिडीत प्रत्येक स्वराला १ ते १२७ अशी वेलॉसिटी, म्हणजे आघाताच्या जोराचा आकडा, असते. पियानो, तबला, ढोलकी यांना ती पुरते, कारण आघात झाल्यावर वादकाच्या हाती फारसे उरत नाही. व्हायोलिन किंवा ट्रम्पेटचा स्वर मात्र सुरू झाल्यावरही फुलतो-मिटतो. म्हणून अशा वाद्यांच्या दीर्घ स्वरांसाठी बहुतेक लायब्रऱ्यांमध्ये कंट्रोलर १ (कंट्रोलर म्हणजे स्वर चालू असतानाही बदलता येणारा मिडी आकडा), म्हणजे मॉड्युलेशन व्हील, हलक्या सॅम्पलकडून भारी सॅम्पलकडे नेतो. कंट्रोलर ११ फक्त पातळी कमी-जास्त करतो आणि कंट्रोलर ७ मिश्रणासाठी राखून ठेवावा. केवळ ७ वर ओढाताण केली तर हळू फुंकलेला ट्रम्पेट मोठ्याने ऐकू येतो, जोरात फुंकलेला नाही. खऱ्या ट्रम्पेटचा आवाज वाढला की तो तीक्ष्णही होतो. हार्मोनियमचे प्रकरण आणखी निराळे आहे. तिथे जोर भात्यात असतो, बोटात नाही, त्यामुळे सगळ्या स्वरांची वेलॉसिटी सारखी ठेवून भात्याची चाल कंट्रोलर ११ ने काढावी.

एकच सॅम्पल लागोपाठ वाजले की मशीनगनसारखा तडतडाट होतो. त्यावर एकाच स्वराची तीन-चार किंवा अधिक मुद्रणे आळीपाळीने वाजवतात. याला राउंड रॉबिन म्हणतात. लायब्ररीत ती सोय नसेल तर शेजारचा स्वर एक सेमीटोनने (कीबोर्डवरच्या लगतच्या दोन कळींमधल्या अंतराने) वर-खाली करून दर दुसऱ्या आघाताला वापरावा.

जमावाच्या वाद्यांचा हिशेबही बिघडतो. सोळा व्हायोलिनांच्या सॅम्पलवर तीन स्वरांचा कॉर्ड दाबला तर अठ्ठेचाळीस व्हायोलिने वाजतात, आणि ऐकू येतो तो ऑर्गन. प्रत्येक स्वराला स्वतंत्र, लहान समूह द्यावा.

काळाच्या बाबतीत, वाजवून घेतलेले स्वर शंभर टक्के क्वांटाइझ केले, म्हणजे तालाच्या काटेकोर चौकटीत ओढले, की गाणे ताठ होते. बासरी, सतार यांना ५० ते ७० टक्के पुरे. 'ह्युमनाइज'चे बटण यावर उपाय नव्हे. ते स्वर वाटेल तसे विखुरते. वादक मात्र वाटेल तसा चुकत नाही, तो चढताना रेटतो आणि समेआधी थोडा रेंगाळतो. दुसरी अडचण लेगाटो, म्हणजे स्वर सलग जोडून वाजवलेल्या, सॅम्पलची. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचा मुद्रित तुकडा आधी वाजतो, त्यामुळे स्वर ६० पासून ३०० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा पोचतो. तेवढा ट्रॅक आधी सरकवावा. कीबोर्डवर वाजवताना लागणारा उशीर वेगळा : ४४,१०० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे ध्वनीचे एकेक मोजमाप) बफर, म्हणजे संगणक एका वेळी तयार करतो तो ध्वनीचा तुकडा, सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो, ५१२ चा ११.६.

तबल्यात नुसते आघात जमवून भागत नाही. केरव्याचा साधा ठेका धा गे ना ती । न के धी ना असा आहे. सुरुवातीला वेलॉसिटी अशी ठेवून पाहावी : धा १०८, गे ७०, ना ८८, ती ९२, न ६२, के ५५, धी ९६, ना ८४. आकडे पुढे कानाने बदलायचेच आहेत. महत्त्वाचा आहे तो डग्ग्याचा घुमारा. गे चा घुमारा पुढे लांबू द्यावा, पण के हा बंद बोल आहे. तिथे घुमारा तुटलाच पाहिजे, नाहीतर तालातली खाली (भरीच्या उलट, हलका भाग) कळतच नाही. त्यासाठी डग्ग्याचे उघडे आणि बंद बोल एकाच चोक ग्रुपमध्ये टाकतात, म्हणजे एक वाजला की दुसरा थांबतो. धा साठी दायाँ (उजव्या हाताचा तबला) आणि डग्गा स्वतंत्र कळींवर असतील तर त्यांत दोन-चार मिलिसेकंदांचे अंतर ठेवावे. गाण्याची पट्टी बदलली तर दायाँही त्या स्वरात हवा. काळी एकला मुद्रित तबला काळी तीनपर्यंत ओढला, म्हणजे पाच सेमीटोन, तर तो लहान मुलाच्या खेळण्यासारखा वाजतो, कारण स्वराबरोबर खोडाचा आणि पुडीचा नादही वर सरकतो. दोन-तीन सेमीटोनच्या पुढे दुसरे मुद्रण शोधलेले बरे.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, हा सगळ्यांत अवघड भाग. मिडीत पिच बेंडच्या, म्हणजे स्वर वर-खाली वळवणाऱ्या संदेशाच्या, १६,३८४ पायऱ्या असतात आणि मध्य ८१९२ वर. व्याप्ती सहसा वर-खाली दोन सेमीटोन धरलेली असते. प्लगइनमध्ये बारा आणि संगणकाच्या हिशेबात दोन असे झाले तर प्रत्येक मींड सहापट लांब जाते. सूर भरकटला की आधी ही जुळणी तपासावी. सतारीवर तार पडद्यावरून ओढून स्वर वरच जातो, पडद्याच्या खाली उतरत नाही. उतरती मींड घेताना वादक तार आधी ओढून धरतो, मग मिजराब मारतो आणि तार सोडत येतो. संगणकातही तसेच करावे : स्वर खालचा लिहावा, तो वाजण्याआधीच बेंड वर नेऊन ठेवावा आणि आघातानंतर मध्यावर आणावा. वरचा स्वर लिहून बेंड खाली नेला तर ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कान फसत नाही. बेंडची रेघ सरळ नसावी. सुरुवातीला आणि शेवटी मंद, मध्ये वेगवान अशी काढावी.

याच साधनाने स्वरस्थानही दुरुस्त होते. ५/४ प्रमाणाचा (षड्जाच्या सव्वापट कंपनसंख्येचा) शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा १३.७ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) उतरा असतो. दोन सेमीटोनच्या व्याप्तीत हे सुमारे ५६० पायऱ्या खाली, म्हणजे ७६३० च्या आसपास येते. बेंड सबंध चॅनलला, म्हणजे त्यावरच्या सगळ्या स्वरांना, लागतो, म्हणून एका वेळी एकच स्वर वाजणाऱ्या वाद्यापुरते हे ठीक.

बासरीची ओळ लिहून झाल्यावर ती एका श्वासात गुणगुणून पाहावी. दम पुरला नाही तर बासरीवाल्यालाही पुरणार नाही. दम घेण्याच्या जागी आधीचा स्वर आखूड करावा. लायब्ररीत श्वासाचा आवाज दिलेला असेल तर तिथे तो हलका टाकावा, प्रत्येक ओळीला मात्र नको. स्वर लागताक्षणी कंप सुरू करू नये, तो स्थिरावल्यावर करावा.

जागेचा प्रश्न शेवटी येतो. एक लायब्ररी सभागृहात मुद्रित असते, दुसरी कोरड्या खोलीत. आधीच सभागृहाचा घुमार असलेल्या सॅम्पलवर पुन्हा रिव्हर्ब (कृत्रिम घुमार) चढवला की चिखल होतो. कोरड्या वाद्यांना एकच सामायिक रिव्हर्ब द्यावा आणि मागे बसणाऱ्या वाद्यांना तो थोडा जास्त पाठवावा.

वादक परवडत असेल तर एकच खरे व्हायोलिन बोलवून ते सॅम्पलच्या समूहात मिसळतात. गजाच्या बारीक खरखरीमुळे बाकीचे पंधराही खरे वाटू लागतात. क्रम मात्र सांभाळावा. आधी व्हायोलिन मुद्रित करावे आणि मग सॅम्पलचे स्वर सरकवून त्याच्याशी जुळवावेत. वादकाला तयार ट्रॅकमागे धावायला लावले तर त्याचे वाजवणेही क्वांटाइझ केल्यासारखे येते.