आकाशातला दगड आणि खिडकीची काच

30 जून 1908ला सैबेरियातल्या तुंगुस्कावर स्फोट झाला. रशियन शास्त्रज्ञ लिओनिद कुलिक तिथे पोहोचला 1927मध्ये, विवर शोधत. दिसली ती दोन हजार चौरस किलोमीटरवर आडवी झालेली झाडं. विवर नव्हतंच; दगड वरच फुटला होता.

लहान लघुग्रह बहुधा असेच जातात. वातावरणात शिरताना वेग सेकंदाला किमान 11 किमी. समोरच्या हवेचा दाब तिच्या घनतेबरोबर आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. 30 किमी उंचीवर हवा अगदी विरळ, पण 19 किमीच्या वेगाला तिथेही हा दाब आपल्या नेहमीच्या हवेच्या साठपट भरतो. आधीच तडकलेला दगड तेवढा सोसत नाही. फुटला की समोरचं क्षेत्रफळ वाढतं, दाब आणखी तुकडे पाडतो, आणि बहुतेक ऊर्जा दोन-तीन सेकंदांत हवेत रिकामी होते.

शंभर वर्षं हे सगळं घडून गेल्यावरच कळायचं. 6 ऑक्टोबर 2008ला ॲरिझोनातल्या कॅटलिना या लघुग्रह शोधणाऱ्या सर्वेक्षणाच्या दुर्बिणीतून रिचर्ड कोवाल्स्की यांना एक सरकता ठिपका दिसला. काही मिनिटांच्या अंतराने काढलेल्या फोटोंत तारे जागेवर राहतात, ठिपका हलतो, पद्धत एवढीच. कक्षा मांडली तर ती थेट पृथ्वीवर येत होती. सुमारे 4 मीटरचा '2008 टीसी3' वीस तासांनी सुदानच्या वाळवंटावर फुटला. आपल्याकडे सकाळचे सव्वाआठ, ठाण्याची जलद लोकल खचाखच भरायची वेळ. पुढे खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वाळवंटात रांगेने चालून तुकडे वेचले. अवकाशात आधी पाहिलेल्या दगडाचे तुकडे हाती आले ते तेव्हा पहिल्यांदा.

त्यानंतर 2024 अखेरपर्यंत अशा आगाऊ नोंदी डझनाच्या आसपासच. त्यातले तीन दगड एकट्या क्रिस्तियान शारनेत्स्की यांनी हंगेरीतून शोधले. बर्लिनजवळ 21 जानेवारी 2024ला पडलेला जेमतेम मीटरभराचा दगड त्यांतलाच. सूचना मिळाली तीनेक तास आधी.

रशियातल्या चेल्याबिन्स्कला ती मिळाली नाही. 15 फेब्रुवारी 2013चा तो सुमारे 20 मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने आला, आणि तिकडे दुर्बिणी रोखता येत नाहीत. झगमगाट पाहून लोक खिडकीशी धावले. धक्कालहर पोहोचायला दोन मिनिटांहून जास्त लागली आणि काचा त्यांच्याच अंगावर आल्या. जखमी सुमारे दीड हजार, बहुतेक काचेने कापलेले. ऐरोली-घणसोलीच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा: आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो, म्हणजे डोक्यावर 30 किमीवर स्फोट झाला तर हातात दीड मिनिट आहे. ते काचेपासून लांब, भिंतीआड जाण्यात घालवायचं. मोबाइलवर शूटिंग करण्यात नव्हे.

जमिनीवर येणारे तुकडे, म्हणजे अशनी, थोडे. महाराष्ट्रात 22 मे 2012ला काटोलला पडले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात सापडणारा काळा जड दगड मात्र बहुधा कारखान्याच्या भट्टीतली धातुमळी (स्लॅग) निघते, नाहीतर आपला बेसाल्ट. बुडबुड्यांची भोकं असली तर अशनीची आशा सोडावी. ताज्या अशनीवर मिलिमीटरहून पातळ काळी साल असते, तुटल्या जागी आत फिकट रंग दिसतो. धुऊ नये, लोहचुंबकही लावू नये. दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. सापडल्या जागीच फोटो काढून कोरड्या, स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळावा.