कंपन्यांचे गुंतवणूक-निर्णय : कंपनी-शासन, प्रतिनिधी-समस्या आणि वित्तपुरवठा

नवा कारखाना उभारणे, यंत्रसामग्री बदलणे, संशोधनावर खर्च करणे किंवा दुसरी कंपनी विकत घेणे अशा कामांत भांडवल दीर्घकाळ अडकवण्याचा निर्णय म्हणजे कंपनीचा गुंतवणूक-निर्णय होय. प्रकल्पातून पुढे मिळणाऱ्या रकमांचे आजचे मूल्य त्याच्या खर्चापेक्षा अधिक भरत असेल, तर तो हाती घ्यावा, असा यासंबंधीचा मूळ नियम आहे. प्रत्यक्षात मात्र पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा आणि त्यावर देखरेख कोणाची, यावर बरेच काही ठरते आणि एकाच गुणवत्तेचा प्रकल्प एका कंपनीत मंजूर होतो, तर दुसरीत फेटाळला जातो.

कर, दिवाळखोरीचा खर्च आणि माहितीतील तफावत नसलेल्या आदर्श बाजारात भांडवल कर्जातून उभारले की भागविक्रीतून (शेअर विकून), याने कंपनीचे मूल्य बदलत नाही, असे फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ मध्ये दाखवले. त्यांनी गृहीत धरलेली एकेक अट काढून घेतली की काय होते, हाच या विषयाचा गाभा आहे.

दुसऱ्याचा पैसा सांभाळणारे संचालक तो स्वतःच्या पैशाइतक्या दक्षतेने सांभाळतील अशी अपेक्षा धरता येत नाही, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदवले होते. मालक असलेले भागधारक आणि त्यांचे प्रतिनिधी म्हणून काम पाहणारे व्यवस्थापक यांच्या हितसंबंधांतील या अंतराची, म्हणजेच प्रतिनिधी-समस्येची, पद्धतशीर मांडणी मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी १९७६ मध्ये केली. पुढे १९८६ मध्ये जेन्सन यांनी असे प्रतिपादन केले, की फायदेशीर प्रकल्प संपल्यावरही हाती रोकड उरली, तर व्यवस्थापक ती लाभांश म्हणून परत न देता कंपनीचा पसारा वाढवण्यात घालवतात. न्यायालयीन दाव्यांतून अनपेक्षित मोठी रक्कम मिळालेल्या ११ कंपन्यांच्या १९९४ मधील अभ्यासात हेच दिसले : ती रक्कम भागधारकांना क्वचितच परत मिळाली. तथापि, प्रत्येक व्यवस्थापकाला साम्राज्य उभारण्याची हाव असते असे मानणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील काही राज्यांनी कंपनी बळकावण्याच्या प्रयत्नांविरुद्ध संरक्षण देणारे कायदे केल्यावर तेथील कंपन्यांत नवे कारखाने उघडणे आणि जुने बंद करणे, दोन्ही मंदावले. धाक संपल्यावर व्यवस्थापनाला निवांतपणाही प्रिय होतो, आणि ही बाजू अधिक लक्ष देण्याजोगी आहे.

वित्तपुरवठ्यामुळे अनाठायी पसाऱ्याच्या उलट, म्हणजे चांगली गुंतवणूक टळण्याचा धोका संभवतो. समजा, एखाद्या कंपनीवर १०० कोटींचे कर्ज आहे आणि तिच्या मालमत्तेचे मूल्य ६० कोटीच उरले आहे. २० कोटी घातल्यास ३० कोटी निश्चित मिळतील असा प्रकल्प समोर आला, तरी भागधारक पदरचे २० कोटी घालणार नाहीत, कारण एकूण मूल्य ९० कोटींवर पोहोचले तरी ते सगळे धनकोंच्या वाट्याला जाईल. जुन्या कर्जाच्या या ओझ्याचे विश्लेषण स्टुअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये केले. नवे भाग विकण्यातही अडचण असते. कंपनीची खरी स्थिती व्यवस्थापकांना बाहेरच्यांपेक्षा अधिक ठाऊक असते; म्हणून कंपनी भाग विकते म्हणजे ते खऱ्या मूल्यापेक्षा महाग असावेत, असा बाजार तर्क करतो आणि किंमत पाडतो. म्हणून मायर्स आणि निकोलस मजलुफ यांच्या १९८४ मधील विवेचनानुसार कंपन्या आधी स्वतःची शिल्लक, मग कर्ज आणि अगदी शेवटी भागविक्री असा क्रम पाळतात. शिल्लक नसेल तर चांगला प्रकल्पही सोडून देतात. १९८६ मध्ये खनिज तेलाचे भाव कोसळले, तेव्हा तेल कंपन्यांनी आपल्या तेलाशी संबंध नसलेल्या विभागांतील गुंतवणूकही कमी केली. त्या विभागांच्या संधी तेलाच्या भावावर अवलंबून नव्हत्या. आटला होता तो कंपनीचा अंतर्गत निधी. गुंतवणूक रोकडीमागे जाते यावरून कंपनीला बाहेरून पैसा मिळत नाही असा निष्कर्ष काढावा का, याविषयी मात्र अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत.

संचालक मंडळ, लेखापरीक्षण, मोठे भागधारक आणि भागांशी जोडलेले वेतन ही कंपनी-शासनाची, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवण्याची, साधने अनाठायी खर्च आणि टळलेली गुंतवणूक या दोन्ही दोषांना आवर घालण्यासाठी असतात. कर्ज हेही असेच दुधारी साधन आहे : हप्त्यांच्या बंधनामुळे उधळपट्टीला लगाम बसतो, पण बंधन जड झाले की वर सांगितलेली कोंडी होते. भागांशी जोडलेल्या वेतनाचाही असाच दुहेरी परिणाम होऊ शकतो, कारण मग नजर भागांच्या नजीकच्या भावावर राहते. अमेरिकी वित्त-अधिकाऱ्यांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिकांनी सांगितले, की तिमाही नफ्याचे लक्ष्य गाठण्यासाठी आपण किफायतशीर प्रकल्पही लांबणीवर टाकू. जेथे एखाद्या कुटुंबाच्या हाती कंपनीचे नियंत्रण एकवटलेले असते, तेथे व्यवस्थापकांवर नजर राहते; पण तंटा मोठे आणि लहान भागधारक यांच्यात सुरू होतो, आणि एका कंपनीचा पैसा त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या कंपनीत वळवला जाण्याचा संभव वाढतो.