टोपी तीच, अंकल सॅम वेगळा

बोट रोखून सैन्यात बोलावणारा अंकल सॅम, अमेरिकेचं प्रतीक, सगळ्यांनी पाहिलाय. जेम्स माँटगोमेरी फ्लॅगचं १९१७चं भरतीचं पोस्टर. पांढरी दाढी, ताऱ्यांची पट्टी असलेली उंच टोपी. त्याच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

१९९७ साली स्टीव्ह डार्नल (लेखन) आणि अ‍ॅलेक्स रॉस (चित्रं) यांनी ‘अंकल सॅम’ नावाचं दोन अंकांचं कॉमिक काढलं. त्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “देशाच्या प्रतीकाची टिंगल आहे ही.” दर वेळी माझा जीव जळतो. काही जण त्यातल्या सॅमला कॉमिककार विल आयस्नरचा त्याच नावाचा १९४०चा सुपरहिरो समजतात. तो सुपरहिरो निराळाच, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

खरी गफलत पुढे आहे. पोस्टरवरचा सॅम म्हणजे सरकार. १८१२च्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या सॅम्युअल विल्सनने सैन्याला मांस पुरवलं, पिंपांवर ‘यू. एस.’ असा शिक्का होता, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. म्हणजे जन्मच सरकारी शिक्क्यातला. तो सतत मागतो: जवान मागतो, कर मागतो. आपल्याकडे भारतमातेची इन्कमटॅक्सची नोटीस आली असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेत अंकल सॅमची येते.

कॉमिकमधला सॅम काहीच मागत नाही. त्याला आठवतं, आणि ते सोसवत नाही. मळक्या कपड्यांतला, रस्त्यावर भरकटणारा म्हातारा, तोंडात पुढाऱ्यांच्या भाषणांचे तुकडे. चालता चालता तो थेट इतिहासात जाऊन पडतो. त्यात ब्लॅक हॉक या मूळनिवासी नेत्याचं अमेरिकेशी झालेलं युद्धही येतं. १८३२ साली बॅड अ‍ॅक्स या ठिकाणी मूळनिवासींनी पांढरं निशाण दाखवलं होतं, तरी त्यांच्यावर तोफ डागली गेली. बायका-मुलंसुद्धा मारली गेली. रॉस हे सगळं रंगांनी इतकं हुबेहूब रंगवतो की म्हाताऱ्याच्या कपाळावरची सुरकुती न सुरकुती दिसते. तो चेहरा मला पोस्टरपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

हा म्हातारा देशाची सदसद्विवेकबुद्धी आहे. शेवटी तो दुसऱ्या एका सॅमसमोर उभा राहतो: चकचकीत, माजलेला, तोच कोट, तीच टोपी. टिंगलच करायची असती, तर तो दुसरा एकटा पुरला असता.