नियमितीकरण (शासकीय सेवेतील)

शासकीय, निमशासकीय किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सेवेत रोजंदारी, हंगामी, तात्पुरत्या अथवा कंत्राटी स्वरूपात दीर्घकाळ काम केलेल्या व्यक्तीला मंजूर पदावर, नियमित वेतनश्रेणीत सामावून घेण्याच्या प्रक्रियेस नियमितीकरण म्हणतात. बोलण्यात 'कायम होणे' किंवा 'परमनंट होणे' असे शब्द वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोहोंत फरक आहे : नियमित करणे म्हणजे नेमणुकीच्या कार्यपद्धतीत राहिलेला दोष दूर करणे आणि कायम करणे म्हणजे सेवेला स्थायित्व देणे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच हा भेद स्पष्ट केला होता.

हा प्रश्न मुळात उद्भवतो तो काम कायमचे आणि पद तात्पुरते या विसंगतीतून. रस्त्याची देखभाल करणारा मैलकुली, पाणीपुरवठ्याच्या पंपावरचा चालक, रोपवाटिकेतील मजूर, रुग्णालयातील सफाई कामगार, कार्यालयातील टंकलेखक यांची गरज एका वर्षात संपणारी नसते. तरीही विभागाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, पुरेशी पदे नसतात, असलेल्या पदांच्या भरतीवर निर्बंध असतात आणि वित्त विभाग नवीन पदांना सहजासहजी मान्यता देत नाही. मग माणूस रोजंदारीवर घेतला जातो, त्याचे नाव हजेरीपटावर म्हणजे मस्टरवर चढते आणि तेथेच वर्षानुवर्षे राहते. अनेक ठिकाणी २९ दिवसांचा आदेश काढून एकदोन दिवसांचा 'तांत्रिक खंड' द्यायचा व पुन्हा तसाच आदेश काढायचा, किंवा ११ महिन्यांचा करार संपताच नवा करार करायचा, अशी पद्धत रूढ झाली. या खंडाला कामाच्या दृष्टीने काहीही अर्थ नसतो. सलग सेवेचा दावा उभा राहू नये एवढाच त्याचा उपयोग असतो, आणि या प्रश्नातील सर्वांत मोठा अन्याय याच कागदी खंडात दडलेला आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ व १६ नुसार सार्वजनिक नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी मिळाली पाहिजे. त्यामुळे जाहिरात, खुली स्पर्धा, आरक्षणाची बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे हे ठरवणारी क्रमवार यादी) आणि सेवाप्रवेश नियम यांना वगळून केलेली नेमणूक पुढे नियमित करणे म्हणजे 'मागील दाराने' प्रवेश देणे होय, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. वर्षानुवर्षे परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवाराची जागा, आणि विशेषतः राखीव जागा, अशा नेमणुकांनी अडू शकते. कर्नाटक राज्याविरुद्ध उमादेवी या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी हाच विचार मांडला : केवळ दीर्घकाळ काम केले म्हणून नियमित होण्याचा हक्क मिळत नाही आणि न्यायालयांनी तसे सरसकट आदेश देऊ नयेत. मात्र त्याच निकालात एक अपवाद आहे. रीतसर मंजूर व रिक्त पदावर, आवश्यक अर्हता असताना, न्यायालयीन आदेशाच्या संरक्षणाशिवाय दहा किंवा अधिक वर्षे काम केलेल्यांचा एकवेळची बाब म्हणून विचार करावा आणि ही प्रक्रिया सहा महिन्यांत सुरू करावी, असे निर्देश न्यायालयाने सरकारांना दिले. येथे 'अवैध' व 'अनियमित' नेमणूक हा भेद निर्णायक ठरतो : ज्याची अर्हताच नाही किंवा ज्याच्यासाठी मंजूर पदच नाही त्याची नेमणूक अवैध, अर्हता व पद दोन्ही आहेत, पण निवडीची रीत पाळली गेली नाही, ती अनियमित.

या निकालाचे पुढे जे झाले ते खेदजनक आहे. मनाई सांगणारा भाग सर्व विभागांनी तत्परतेने उचलला, अपवाद मात्र बहुतेक ठिकाणी फाइलीतच राहिला. अखेर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, उमादेवी निकालाच्या तारखेला दहा वर्षे पूर्ण केलेल्यांचा विचार सरकारने केलाच नसेल, तर मुदत उलटली म्हणून त्यांचा हक्क जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई व बागकाम करणाऱ्या, दीर्घ सेवेनंतर काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा घेऊन नियमित करण्याचा आदेश देताना, उमादेवी निकालाचा वापर रास्त दावे फेटाळण्यासाठी होत असल्याबद्दल न्यायालयाने स्पष्ट नापसंती व्यक्त केली. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणातही राज्य हे सामान्य मालक नसून संविधानाने बांधलेला नियोक्ता आहे, ही भूमिका पुन्हा मांडली गेली.

महाराष्ट्रात या प्रश्नाला कामगार कायद्यांमुळे वेगळे वळण मिळाले. सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे या विभागांतील रोजंदारी कामगारांना त्यांच्या सेवाशर्तींबाबतच्या कालेलकर निवाड्यानुसार पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर 'रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर' घेण्याची तरतूद झाली. या नावातच 'नियमित' आणि 'अस्थायी' हे दोन्ही शब्द शेजारी बसले आहेत, आणि त्या कामगारांची स्थितीही तशीच अधांतरी राहिली. १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील सहावी बाब याहून महत्त्वाची आहे. कायम कामगाराचा दर्जा व लाभ मिळू नयेत या हेतूने एखाद्याला बदली (दुसऱ्याच्या जागी काम करणारा), नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून वर्षानुवर्षे ठेवणे ही या बाबीनुसार अनुचित प्रथा ठरते. राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, अशी प्रथा सिद्ध झाल्यास औद्योगिक न्यायालयाचे अधिकार उमादेवी निकालाने कमी होत नाहीत. वन विभागातही पाच वर्षे दरवर्षी किमान २४० दिवस काम केलेल्या मजुरांना सामावून घेण्यासाठी १९९६ च्या शासन निर्णयाने अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येहून जादा, पदे निर्माण करण्यात आली.

व्यवहारात या साऱ्याचा निकाल पुराव्यावर लागतो. वर्षात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची प्राथमिक जबाबदारी कामगारावर असते, पण हजेरीपट, वेतनपत्रके आणि नेमणुकीचे आदेश कार्यालयाच्या कपाटात असतात. तोंडी सांगून कामावर घेतलेल्या आणि तोंडी सांगूनच काढलेल्या माणसाच्या हाती काहीच कागद नसतो. म्हणून जुन्या प्रमाणपत्रांच्या, ओळखपत्रांच्या, अगदी कामाच्या वाटपाच्या चिठ्ठ्यांच्या प्रतीही जपून ठेवण्यास कामगार संघटना सांगतात.

नियमित होण्याची तारीखही तितकीच महत्त्वाची असते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना न लावता कर्मचारी व शासन या दोघांच्या वर्गणीवर चालणारी अंशदान योजना लागू करण्यात आली. त्यामुळे १९९० च्या सुमारास रोजंदारीवर लागलेला आणि २००८ साली नियमित झालेला कर्मचारी पहिल्या अठरा वर्षांची सेवा निवृत्तिवेतनासाठी मोजावी म्हणून पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावतो. वेतनाबाबत मात्र कायदा अधिक उदार आहे. पंजाबमधील प्रकरणात २६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे, मग तो नियमित होवो वा न होवो.

काही राज्यांनी कायद्याने किंवा धोरणाने मार्ग काढला. ओडिशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कंत्राटी भरती बंद करून ५७,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना नियमित करण्याचे जाहीर केले. हरियाणाने २०२४ च्या कायद्याने पाच वर्षे सेवा झालेल्या ठरावीक वेतनमर्यादेतील कंत्राटी कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेची हमी दिली. ही हमी म्हणजे नियमितीकरण नव्हे. नोकरी टिकते, पण नियमित पदाचा दर्जा मिळत नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि तीव्र विरोधानंतर पुढच्याच महिन्यात तो रद्द करावा लागला.

बाह्यस्रोताद्वारे, म्हणजे कंत्राटदारामार्फत, घेतलेल्या कामगारांची बाजू सर्वांत कमजोर असते, कारण त्यांचा हजेरीपटही कंत्राटदाराकडे असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालानुसार कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप मूळ आस्थापनेचा होत नाही. कंत्राट केवळ दिखाऊ होते हे सिद्ध करावे लागते. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतील २,७०० सफाई कामगारांनी संघटनेमार्फत नेमके हेच औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध केले, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना महापालिकेच्या सेवेत कायम करण्याचा आदेश उचलून धरला.