मुखपृष्ठावरच्या खेळाडूमुळे गेम खपतो?

‘मोठा खेळाडू मुखपृष्ठावर घ्या, गेम आपोआप खपतो’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. 2019 चंच बघा. कोनामी कंपनीच्या पीईएस 2020 या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर चक्क मेस्सी. प्रतिस्पर्धी ईए कंपनीच्या फिफा 20 या गेमवर हझार्ड आणि व्हॅन डाइक हे फुटबॉलपटू. तरी खपात फिफाच कितीतरी पुढे! कारण प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमधल्या क्लबांची खरी नावं आणि जर्सी वापरण्याचा परवाना ईएकडे होता. पीईएसमध्ये मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल वगळता बहुतेक इंग्लिश क्लबांची नावं आणि जर्सी बनावट. (फिफातही इटलीच्या युव्हेंटस क्लबाचं ‘पिएमोन्ते काल्चो’ झालं होतं, पण एका क्लबाचं कोण मनावर घेतो?) चेहऱ्याने घोषणेच्या दिवशी बातमी होते, पोस्टर सजतं, इतकंच. शिवाय सगळे मित्र फिफावर असताना एकट्याने पीईएस घेऊन ऑनलाइन खेळायचं कुणाशी?