पोटरीला नडणारं बाइंडिंग

अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगन गावी १९६५च्या नाताळात शर्मन पॉपेन यांनी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी तयार केली. कशासाठी, तर आपल्या मुलींना बर्फावर घसरता यावं म्हणून. आजचा स्नोबोर्ड त्या फळीच्याच घराण्यातला. म्हणजे या खेळाची सुरुवातच मुलींपासून झाली! त्या फळीला बाइंडिंग नव्हतं, तिच्यावर नुसतं तोल सांभाळून उभं राहायचं. बूट बोर्डला जखडणारी बाइंडिंग नंतर आली आणि ती बेतली गेली पुरुषांच्या पायावर. बायकांसाठी म्हणून जे मिळायचं, ते बहुतेकदा त्याचंच धाकटं, रंग बदललेलं भावंड.

रंगाचं सोडा, खरी अडचण पोटरीची आहे. बाइंडिंगमध्ये तळाला बेसप्लेट असते, पावलावर दोन पट्टे असतात आणि पोटरीमागे एक ताठ पाठ उभी असते, तिला हायबॅक म्हणतात. बोर्डवर आडवं उभं राहतात, त्यामुळे त्याची एक कड टाचेकडे येते आणि दुसरी चवड्यांकडे. टाचेकडच्या कडेवर वळताना आपण मागे रेलतो. पाय हायबॅकवर दाब देतो, हायबॅक तरफेसारखा तो दाब बोर्डपर्यंत नेतो आणि टाचेकडची कड बर्फात रुतते. आता सरासरी बाईची नडगी सरासरी पुरुषापेक्षा आखूड असते, त्यामुळे पोटरीचा फुगवटाही जमिनीपासून कमी उंचीवर सुरू होतो. पुरुषी मापाच्या हायबॅकची वरची कड नेमकी या फुगवट्यात घुसते.

नुसतं टोचलं असतं तर जाड मोजे घालून निभावलं असतं. पण फुगवट्यामुळे आख्खी नडगी पुढे ढकलली जाते. वीस सेंटिमीटर उंचीवर पाय दोन सेंटिमीटर पुढे सरकला, तर नडगीचा कल जवळजवळ सहा अंशांनी वाढतो. नडगी पुढे झुकली की तोल राखायला गुडघा जास्त वाकवावा लागतो आणि तो भार दिवसभर मांड्या वाहतात. ‘तुझ्या पायात ताकद कमी आहे’ असं जिला ऐकवलं जातं, तिच्या मांड्या कदाचित हायबॅकच्या दोन-तीन सेंटिमीटर जादा उंचीमुळे भरून आलेल्या असतात. म्हणून चांगल्या लेडीज बाइंडिंगचा हायबॅक बुटका असतो आणि वरच्या कडेला बाहेर उमललेला असतो.

दुसरी गोष्ट टाचेची. बायकांची टाच चवड्याच्या मानाने बहुधा अरुंद असते. चवड्यांकडच्या कडेवर वळताना टाच उचलली जाते आणि घोट्यावरचा पट्टा तिच्याबरोबर बोर्डची टाचेकडची बाजू वर ओढतो. मध्ये ढिलाई असेल तर आधी ती संपते, मग बोर्ड हलतो. चवड्यापासून टाचेपर्यंत अठरा सेंटिमीटर धरले, तर टाच एकच सेंटिमीटर मोकळी उचलली तरी साधारण तीन अंश वाया जातात. पाय वळला, बोर्ड जिथल्या तिथे. यात बुटाचा दोष मोठा असतो, त्यामुळे बूट आधी घ्यावेत, बाइंडिंग नंतर.

मग ढिलाई घालवायला रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायचा दातेरी खटका, करकचून आवळलं जातं. पावलाच्या वरच्या बाजूने, कातडीच्या अगदी जवळून, पायाच्या बोटांकडे रक्त नेणारी धमनी जाते. बोट ठेवलं तर ठोकाही लागतो. बाइंडिंग मोठं असेल तर पट्टा पावलाच्या मधोमध न बसता एका अंगाला सरकतो आणि त्याच्या कडेचा दाब इथे पडतो. बोटं बधिर होतात, गार पडतात आणि बोल लागतो तो थंडीला.

मापाच्या बाबतीत लेबलपेक्षा सेंटिमीटर खरे. अमेरिकी मापात बायकांचा आठ नंबर आणि पुरुषांचा सात नंबर, दोन्ही बूट साधारण पंचवीस सेंटिमीटर पावलाचे. ‘आठ नंबर’ एवढंच सांगितलं की घोळ ठरलेला. एस, एम, एल ही मापं तर प्रत्येक कंपनीची वेगळी. त्यामुळे स्वतःचा बूट घेऊन जावं आणि तो बाइंडिंगमध्ये बसवून पाहावा. टाच बाइंडिंगच्या मागच्या खोलगट कपात घट्ट बसते का, बाजूंना हलते का, दोन्ही पट्टे आवळल्यावर रॅचेटला अजून काही दाते शिल्लक राहतात का, हे बघावं. उंच, मोठ्या पावलाच्या बाईला पुरुषांचं बाइंडिंग चपखल बसू शकतं आणि लहान पावलाच्या पुरुषाला बायकांचं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

गुलमर्ग किंवा औलीला जाऊन सामान भाड्याने घेणाऱ्यांना एवढी निवड मिळेलच असं नाही. तिथे निदान हायबॅकमागचा कल ठरवणारा खटका शून्यावर आणून घ्यावा. बाइंडिंगची मधली चकती सैल करून बूट असा बसवावा, की तो बोर्डच्या दोन्ही कडांबाहेर सारखाच डोकावेल. आणि घसरायला सुरुवात करण्याआधी सपाट जागी पट्टे लावून उकिडवं बसून पाहावं. पोटरीला कड टोचते की नाही, ते तिथेच कळतं आणि दुकान अजून चार पावलांवर असतं.