फाइल उडवली, जागा गेली कुठे?

रात्री साडेअकराला फोन आला, "सर, बिलं निघत नाहीयेत." लिनक्सचा सर्व्हर, शंभर जीबीची डिस्क, आणि ती काठोकाठ भरलेली. शोधता शोधता एक लॉग फाइल हाती लागली, चाळीस जीबीची. प्रोग्रॅम आपल्या कामाची रोजनिशी अशा फाइलमध्ये लिहीत असतो आणि ही रोजनिशी कित्येक महिने कुणी आवरली नव्हती. मी ती उडवली. पुन्हा पाहिलं, तर डिस्क तितकीच भरलेली. फोल्डरमधून फाइल गायब, पण एक केबीसुद्धा मोकळी झालेली नाही.

त्या रात्री मला जे नीट कळलं, ते संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मनापासून वाटतं.

जागा मोजायला 'डीएफ' आणि 'डीयू' अशा दोन आज्ञा आहेत. लिनक्स ज्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या धर्तीवर बनलं, त्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये त्या दोन्ही होत्या आणि लिनक्स, मॅकवर आजही आहेत. डीएफ म्हणजे तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढणं. डिस्कचे किती ब्लॉक, म्हणजे जागेचे छोटे तुकडे, वाटले गेले, किती शिल्लक आहेत, हे ती फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेच्या, दप्तरातून वाचते आणि क्षणात सांगते. डीयू म्हणजे शेतात उतरून मोजणी. ती एकेका फोल्डरमध्ये शिरते, दिसेल ती फाइल मोजते आणि बेरीज करत पुढे जाते. लाखो फाइली असतील तर ती बराच वेळ घेते. त्या रात्री डीएफ शंभर जीबी भरल्याचं सांगत होती आणि डीयूची बेरीज साठच्या आसपास थांबत होती. बांध आणि कागद जुळत नव्हते.

याचं उत्तर युनिक्सच्या मूळ रचनेत आहे. तिथे फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. फोल्डरमध्ये फक्त नाव आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक 'आयनोड' नावाच्या नोंदीचा. फाइल केवढी, मालक कोण, मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे सगळं आयनोडमध्ये. आपण डिलीट करतो तेव्हा खोडलं जातं ते नाव. ब्लॉक मोकळे व्हायला दोन अटी आहेत: त्या आयनोडकडे जाणारं एकही नाव उरता कामा नये आणि एकाही चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरलेली नसावी. बिलांच्या प्रोग्रॅमने ती धरून ठेवली होती. डीयू नावांच्या वाटेने चालते, त्यामुळे बिननावाची फाइल तिला दिसणारच नाही.

कुठल्या प्रोग्रॅमने कोणती फाइल उघडलीय, हे 'एलएसओएफ' ही आज्ञा दाखवते. त्या यादीत माझी लॉग फाइल होती आणि तिच्यापुढे 'डिलीटेड' असा शब्द. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला आणि चाळीस जीबी एका झटक्यात परत आले. तेव्हापासून चालू प्रोग्रॅमची लॉग फाइल मी उडवत नाही. नाव तसंच ठेवून आतला मजकूर तेवढा रिकामा करतो.

याच्या उलटही घडतं. जीबीच्या जीबी मोकळे असतात आणि तरी 'जागा नाही' असा संदेश येतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारणपणे दर १६ केबीमागे एक. बारीक बारीक फाइलींचा ढीग साचला की आयनोड आधी संपतात. 'डीएफ'ला 'आय' हा पर्याय जोडला की हा हिशेब दिसतो.

आकड्यांच्या लांबलचक यादीत मोठी फाइल शोधणं मात्र कंटाळवाणं काम. मेरीलँड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांच्यापुढे १९९० मध्ये हाच प्रश्न होता. प्रयोगशाळेतली ८० एमबीची एक डिस्क चौदा जण मिळून वापरायचे आणि ती सारखी भरायची. जागा कोण खातंय, हे एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी पडद्याचाच आयत घेतला आणि तो फोल्डरांत वाटला, फोल्डरचा आयत आतल्या फाइलींत वाटला. जेवढी फाइल मोठी, तेवढं तिचं क्षेत्रफळ मोठं. हा 'ट्रीमॅप'. आज शेअर बाजाराचे नकाशेही असेच काढतात, पण त्याचा जन्म एका भरलेल्या डिस्कपोटी झाला, हे मला फार आवडतं. विंडोजवर 'विनडरस्टॅट' हे मोफत साधन असाच नकाशा काढतं. जुन्या व्हिडिओचा एखादा भलाथोरला चौकोन त्यात लगेच डोळ्यांत भरतो.

फक्त विंडोज फोल्डरमधल्या 'विनएसएक्सएस' या विंडोजच्याच फाइलींच्या फोल्डरचा मोठा आकडा पाहून घाबरू नका आणि हाताने तिथलं काही उडवू नका. तिथल्या कितीतरी फाइलींना दुसऱ्या फोल्डरमध्ये आणखी एक नाव असतं, म्हणून मोजताना तीच फाइल दोनदा धरली जाऊ शकते. त्या रात्री माझ्यापुढे नाव नसलेली फाइल होती, इथे एकाच फाइलला दोन नावं आहेत.